तोफेचं कुंकू

मोरिवली, अंबरनाथ
११ डिसेंबर २०२५

चैत्राली,

पाकीट बघून दचकू नकोस. फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही घडत नाही. तुमच्या कंपनीच्या वकिलांनी म्हणे तुला बजावलंय, चौकशी संपेपर्यंत पुरवठादाराशी बोलायचं नाही. पुरवठादार म्हणजे मी. उल्हासनगरच्या कॉलेजात तुझ्या डब्यातली खिचडी खाऊन तुला आईच्या हातचे बोंबील पुरवायचे, तेव्हापासूनच मी पुरवठादार आहे, हे वकिलांना सांग. टपालावर निळी खूण उमटत नाही, म्हणून हे तुझ्या पुण्याच्या घरी टपालाने.

तुमचा अहवाल मिळाला. मराठीत सांगायचं तर असं: नोव्हेंबरच्या चाचणीत विजेवरची तोफ फसली, कारण 'पुरवठादाराच्या कार्यशाळेत रुळांवर धार्मिक विधी करण्यात आला'. आतल्या भागात हळद, कुंकू, तेल आणि नारळाच्या पाण्याचे अंश सापडले. सबब पुरवठादाराचं काम थांबवण्यात येत आहे. खाली सही तुझी. शाईसुद्धा तीच, हिरवी. कॉलेजात त्या शाईपायी तुझी जर्नलं परत यायची.

मागच्या वर्षी पहिला बार सरळ गेला तेव्हा तुम्ही एक गुळगुळीत पुस्तिका काढली होती. तिच्यात तोफ होती, तू होतीस, तुमचे डायरेक्टर होते. आमच्या शेडबद्दल 'स्थानिक सहकार्य' एवढे दोन शब्द होते. आता बघ, पूर्ण नाव, प्लॉट नंबर, पिनकोड. बार फसल्याशिवाय आमचा पत्ता सापडत नाही वाटतं.

त्या दिवसाचं सांगते. तुला आठवत नसेल असं नाही, पण कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं. यंदा दोन ऑक्टोबरला दसरा, गांधीजयंती आणि आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन एकत्र आले. आम्ही विहारात, शेड बंद. आदल्या संध्याकाळी आम्ही तोफेचे तांब्याचे रूळ घासून, पुसून, गुंडाळून ठेवले होते. तू किल्ली मागून घेतलीस, कारण रूळ नळीत बसवून तोंडाला सील मारायचं काम तुझं. आमच्यापैकी कुणी त्या सीलला हात लावत नाही, हा नियमही तुझाच. जाताना म्हणालीस, "थोडी पूजा करू का गं? दसरा आहे, शेवटी शस्त्रच आहे."

मी म्हटलं, "गांधीजयंतीला तोफेची पूजा करणारी तू पहिलीच असशील. कर. शेडला चालतं, मला लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मुकेशने शेड उघडली तर कोपऱ्यात झेंडूच्या पाकळ्या, पितळेच्या किसात नारळाची करवंटी आणि लेथवर तुझं तांब्याचं ताम्हण. मला वाटलं, बाहेरच्या पोलादी कवचाला बोट टेकवलं असशील. आत, विजेच्या वाटेवर, तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढशील आणि वर नारळाचं पाणी शिंपडशील, असं मनातही आलं नाही. तू पीएच.डी. आहेस.

चूक झाली, हे मी समजू शकते. पूजेत हात पुढे जातो. पण तुला ठाऊक असलेली गोष्ट तुझ्या अहवालाला ठाऊक नाही, हे कसं काय?

उत्तर दे. पोस्टकार्डही चालेल.

प्रीती

---

मोरिवली
२८ डिसेंबर

चैत्राली,

तुझा मेसेज आला. 'पर्सनली घेऊ नकोस.' बरं. मग कसं घेऊ, जेवणानंतर पाण्याबरोबर?

तुझा अहवाल टपालापेक्षा जोरात पळतो. बदलापूरच्या पंपवाल्यांनी आपलं काम उचलून नेलं. माणूस भला, नजर चुकवून म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे ते पूजाबिजेचं काहीतरी झालं म्हणे." त्याच्या स्वतःच्या फॅक्टरीच्या दारात मारुतीचं देऊळ आहे, पण ते दाराबाहेर आहे, म्हणून क्वालिटीत बसतं. मिलिंग मशीनवरचा धर्मेश दिवसभर मशीन पुसतोय. एवढं चकाकणारं मशीन म्हणजे बंद पडायला आलेलं वर्कशॉप, हे बाबा सांगायचे. महिनाभरात काम आलं नाही तर मला मुकेश आणि धर्मेशला घरी बसायला सांगावं लागेल. दोघांना सांगण्याची तालीम मी आरशासमोर करून पाहिली. जमत नाही.

आईला काही दिवस सांगितलंच नव्हतं. तिला तुझी तोफ फार आवडते. पहिल्यांदा समजावून सांगितली तो दिवस आठवतो? तू आमच्या ओट्यावर बसलेली, आई बांगडा साफ करत होती. तू दोन लाटणी शेजारी शेजारी धरलीस. "भिमामावशी, हे तांब्याचे दोन रूळ. मधे हा ॲल्युमिनियमचा तुकडा, दोन्हींना चिकटून. एका रुळातून वीज जाते, तुकड्यातून पलीकडे येते, दुसऱ्या रुळाने परत फिरते. एवढी प्रचंड वीज, एवढ्या कमी वेळात, की तुकडा पुढे फेकला जातो आणि गोळ्याला घेऊन जातो. आवाजाच्या कितीतरी पट वेगाने."

"आन् दारू?"

"दारू लागतच नाही, मावशी."

"मंग प्रीतीच्या बापाला आवडली असती," आई म्हणाली. "तोबी निर्व्यसनी व्हता."

बाबांनी ऑर्डनन्स फॅक्टरीत जन्मभर गोळ्यांची टरफलं लेथवर कातली आणि रिटायर झाल्यावर ही शेड काढली. तुझे बाळकाका त्याच फॅक्टरीत ऑफिसर. दोघांची गाठ गेटवर पडायची, एकजण गाडीत, एकजण सायकलवर. मुलींनी मात्र एका बाकावर बसून ठरवलं की आपण मिळून काहीतरी करायचं. ते काहीतरी म्हणजे ही तोफ. अमेरिकेने असल्या तोफेचं काम गुंडाळलं, कारण रूळ झिजतात. जपानने जहाजावरून उडवून पाहिली. तू म्हणालीस, रूळ टिकवायची युक्ती माझ्याकडे आहे, फक्त घासून देणारं कुणीतरी माझं हवं. मी तुझी होते. त्या वाक्यावर मी कर्ज काढून ग्राइंडिंग मशीन घेतलं. ते सोड, पैशाबद्दल लिहायला बसलेले नाही.

मला एवढंच हवंय. तीन फेब्रुवारीला समितीपुढे सुनावणी आहे. तिथे तू म्हण, "पूजा मी केली होती." चार शब्द. रूळ टिकवण्यापेक्षा सोपं आहे.

प्रीती

---

चिखलोली
११ जानेवारी २०२६

चैत्राली,

शौनक येऊन गेला. तू पाठवलंस की तो आपण होऊन आला, हे विचारलं तेव्हा त्याने चहाकडे पाहिलं.

घर शोधताना हाल झाले बिचाऱ्याचे. मी पत्ता पाठवला होता, चिखलोली स्टेशनजवळ. त्याने रिक्षावाल्याला तसंच सांगितलं. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, स्टेशन झालं की नेतो." स्टेशन होणार म्हणून मी फ्लॅट घेतला, तेव्हापासून ते होतंय.

चितळ्यांची पिशवी होती हातात आणि बगलेत फाइल. आईला वाकून नमस्कार केला. चांगला आहे गं तुझा नवरा, म्हणूनच तू त्याला पुढे करतेस. फाइलमध्ये टाइप केलेलं एक पान. 'आमच्या कार्यशाळेत परंपरेनुसार दसऱ्याची पूजा करण्यात आली. त्यात अनवधानाने त्रुटी राहिली. पुन्हा असे होणार नाही.' खाली माझ्या नावापुढे रिकामी रेघ.

"सही कर, प्रीती," शौनक म्हणाला. "समितीतले सगळे भाविक आहेत. पूजेला कोण नाव ठेवणार? फार तर समज देतील. महिन्याभरात काम परत सुरू. चैत्रालीने शब्द दिलाय."

"मग चैत्रालीनेच सही करावी. तिलाही समजच देतील."

"तिचं वेगळं आहे. ती प्रमुख शास्त्रज्ञ आहे. शास्त्रज्ञाने असं केलं म्हटल्यावर लोक हसतील. तिचं अख्खं करिअर आहे त्यात."

"आणि माझं काय आहे त्यात, हळदीकुंकू?"

तो हसला, मग हसायला नको होतं असं वाटून थांबला. तोवर आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. पदराला हात पुसत आली आणि त्याच्यासमोर बसली.

"जावईबापू, काय लिवलंय त्यात? वाचा."

शौनकने वाचलं. 'परंपरेनुसार' या शब्दाशी त्याचा आवाज जरा बसला.

"आमच्या सासऱ्यांनी छप्पन साली घरातले देव टोपलीत भरले," आई म्हणाली, "आन् वालधुनीत सोडले. तवा वालधुनीत पानी व्हतं. त्यानंतर आमच्या घरात कुकवाचा करंडा नाय. माज्या लग्नात नाय, पोरीच्या बारशात नाय. सोमाला, हिच्या बापाला, फॅक्टरीत दसऱ्याला सायेब म्हणायचं, मशीनला कुकू लाव. तो हात जोडून म्हणायचा, सायेब, मशीनला मी तेल लावतो, तेवढं पुरं हाय. त्यापायी लय बोलणी खाल्ली त्यानं. आन् आता त्याच्या शेडवर त्याच्या पोरीनं लिवून द्यायचं, कुकू आमी लावलं? परंपरेनं?"

"मावशी, नुसता कागद आहे हो."

"मंग तुमच्या बायकोला द्या की नुसता."

शौनकने पान फाइलमध्ये घातलं. दारात चपला घालताना मला हळूच म्हणाला, "तिला झोप नाही गं हल्ली." मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. झोप मलाही नाही, पण माझ्याकडून कुणी भाकरवडी घेऊन कुणाच्या दारी जात नाही.

एक विचारू? तो कागद तू स्वतः लिहिलास का? 'अनवधानाने' हा शब्द तुझा आहे. वर्गात उशिरा आलीस की सरांना हाच सांगायचीस. तुला पक्कं माहीत होतं की आमच्याकडे पूजा होत नाही. दर दसऱ्याला तू आमच्या घरी खीर खायला यायचीस ती त्याचसाठी, इथे नैवेद्यासाठी थांबावं लागत नाही म्हणून. माझ्या आजोबांनी जे सोडलं तेच तू माझ्या माथी मारतेस, आणि तेही सोयीचं पडतं म्हणून. याचा तू नीट विचार केला असशील तर वाईट. केला नसशील तर जास्त वाईट.

आईने भाकरवडी खाल्ली. म्हणाली, "हिचा काय दोष?"

प्रीती

---

मोरिवली
३१ जानेवारी

चैत्राली,

हे तुला सुनावणीच्या आधी मिळावं म्हणून स्पीड पोस्टने.

तुझं ताम्हण अजून लेथजवळच आहे. दसऱ्यानंतर मी फोनवर विचारलं होतं, पाठवू का? तू म्हणालीस, "राहू दे, पुढच्या वर्षी लागेल." तेव्हापासून मुकेश त्यात वॉशर ठेवतो. आज ते रिकामं करायला घेतलं तेव्हा तळाशी नाव दिसलं. भांड्याच्या दुकानात ठिपक्या-ठिपक्यांनी कोरतात तसं: 'चि. सौ. कां. चैत्राली हिस शुभविवाहानिमित्त, गोदूआत्या'. तुझ्या लग्नातल्या भांड्यांच्या त्या रांगेत मीच बसले होते, कुणाचं काय ते सांगायला. गोदूआत्याने दिलेल्या प्रत्येक भांड्यावर आपलं नाव तुझ्या नावापेक्षा मोठं कोरून घेतलं होतं, म्हणून तू चिडली होतीस.

ते मी तीन तारखेला सोबत आणते आहे. समितीला दाखवायला नाही. तसं करायचं असतं तर वकील केला असता. सुनावणी संपल्यावर जिन्यात तुझ्या हातात देईन. मधल्या वेळात तुला चार शब्द बोलायचे आहेत. तू बोललीस की मी तुझ्या बाजूने बोलेन. हातून होतं असं, चांगल्या माणसाकडून होतं, हे मी समितीला पटवेन. मला पटवता येतं, तू नेहमी म्हणायचीस.

मी वाट पाहते आहे, हे लपवत नाही.

प्रीती

---

चिखलोली
६ फेब्रुवारी

डॉ. चैत्राली वर्तक यांस,

त्या खोलीत तुम्ही होतात, तरी लिहिते. तुम्ही लॅपटॉपच्या पडद्याआड होतात, काही गोष्टी दिसल्या नसतील.

चिंतामणी साहेब अध्यक्ष. निवृत्त, गोरेपान, कपाळावर गंधाचं बोट. फार सौम्य माणूस. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, नारळ फोडला त्यात लाजण्यासारखं काय आहे? आम्हीही फोडतो. फक्त आत नको होता शिंपडायला. तेवढं कबूल करा, आपण सगळे जेवायला मोकळे."

मी म्हटलं, "साहेब, मी बौद्ध आहे. आमच्या शेडमध्ये पूजा होत नाही."

मग ती शांतता. तुम्हाला ती ओळखीची नसेल, मला आहे. सगळे एकदम फार सभ्य होतात. कुणीतरी पंखा कमी केला. एक सदस्य म्हणाले, "नाही नाही, आमचा तसा काहीच हेतू नव्हता." कसा हेतू, ते कुणी विचारलं नव्हतं.

चिंतामणी साहेब तुमच्याकडे वळले. "डॉक्टर, मग हे कुणी केलं असेल?"

ही ती जागा होती. मी पिशवीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. खरंच वाटलं, आता बोलाल. तुमचा चेहरा तसा झाला होता, कॉलेजात तोंडी परीक्षेला व्हायचा तसा.

तुम्ही म्हणालात, "त्यांच्याकडे धर्मेश म्हणून एक ऑपरेटर आहे. भाविक आहे. मशीनवर झुलेलालचा फोटो असतो त्याच्या."

चैत्राली. धर्मेश. तू आलीस की उल्हासनगरहून तुझ्यासाठी दाल-पकवान घेऊन येणारा धर्मेश. शेड बंद, किल्ली तुझ्याकडे, तो त्या दिवशी सासूला दवाखान्यात नेत होता, हे तूच मला सांगितलं होतंस, कारण त्याने तुला फोन करून डॉक्टरचं नाव विचारलं होतं. माझ्यावर घातलंस तोवर मी सोसत होते, आपल्यातलं आहे म्हणून. त्याचं तुझ्याशी काय होतं? तो बाहेर बाकावर बसला होता, माझ्या सोबतीला आलेला, इस्त्रीचा शर्ट घालून.

मी ताम्हण काढून टेबलावर ठेवलं. एक वॉशर आत राहिला होता, तो खणखणला.

"हे काय?" चिंतामणी साहेब म्हणाले.

"पूजेनंतर आमच्या लेथवर सापडलं. खाली नाव आहे, वाचा."

त्यांनी चष्मा चढवला. ताम्हण उलटं करून खिडकीकडे धरलं आणि मोठ्याने वाचलं, अगदी लग्नपत्रिका वाचावी तसं. 'चि. सौ. कां.' पासून. गोदूआत्यापर्यंत येईतो त्यांचा आवाज मंद झाला. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू लॅपटॉप मिटलास. तो आवाज बारीकच असतो, पण ऐकू आला.

मी ठरवलं होतं त्यातलं काहीच बोलले नाही. तुझ्या बाजूनेही नाही, विरुद्धही नाही. बाहेर येऊन धर्मेशला म्हटलं, चल. त्याने विचारलं, "क्या हुआ, दीदी? चैत्राली दीदी ने बोल दिया ना?"

मी म्हटलं, "हो. बोलली."

प्रीती

---

मोरिवली
२० फेब्रुवारी

चैत्राली,

हे शेवटचं. समितीचा निकाल आला, तुलाही आला असेल. तरी दोघींनी एकदा सोबत वाचू, सवय आहे आपल्याला.

'घटनेस कोणतीही व्यक्ती जबाबदार नाही.' म्हणजे कुंकू आपण होऊन चालत आत गेलं. 'कार्यशाळेवरील ठपका मागे घेण्यात येत आहे.' त्याबद्दल आभार. 'पुढील रुळांचे काम प्रशासकीय कारणास्तव अन्यत्र देण्यात येत आहे.' म्हणजे निर्दोष आहात, घरी बसा. आणि शेवटचा परिच्छेद मला फार आवडला. 'यापुढे पूजा केवळ बाह्य कवचावर, प्रमुख शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली करण्यात यावी.' अभिनंदन. आवाजाच्या कितीतरी पट वेगाने जाणाऱ्या तोफेला शेवटी एक भटजी मिळाला, आणि तो पीएच.डी. आहे.

ठपका गेला म्हटल्यावर पंपवाले परत आलेत, नजर उचलून. मुकेश आणि धर्मेश दोघेही कामावर आहेत. तुझ्या रुळांसाठी घेतलेल्या ग्राइंडिंग मशीनवर आता पंपाचे दांडे घासतो. धर्मेशला त्या खोलीत काय झालं ते मी सांगितलेलं नाही. तुझ्यासाठी नाही लपवलं. तो अजून तुझी चौकशी करतो, आणि त्याने ती करणं बंद केलं तर मला तेही सहन होणार नाही. आईने मात्र विचारलं, "चैतू बोलली का?" मी नाही म्हटलं. तिने निवडलेले तांदूळ डब्यात ओतले. मग म्हणाली, "दसऱ्याला खीर थोडी कमी करीन मंग."

ताम्हण समितीने ठेवून घेतलं आहे. पुरावा म्हणून चिठ्ठी बांधून कपाटात गेलं. मी परत मागायला गेले तर कारकून म्हणाला, ते फक्त मालकाला मिळतं. त्याची पावती सोबत जोडली आहे. तुझ्या ऑफिसच्याच खालच्या मजल्यावर आहे, लिफ्टने गेलीस तर एक मजला. काही अवघड नाही. ताम्हण माझं आहे आणि दोन ऑक्टोबरला मोरिवलीच्या शेडमध्ये मीच नेलं होतं, एवढं लिहून खाली सही करायची.

हिरव्या शाईत केलीस तरी चालेल.

प्रीती

ता.क. त्यात एक वॉशर राहून गेला आहे. तो आमचा. तसं मी लिहून द्यायला तयार आहे.